बाधा नव्हे, मनाचा आजार : वेळीच ओळखा, वेळीच उपचार करा



कपाशीवर लाल्या दिसू लागला की नजर लागली म्हणून आपण स्वस्थ बसत नाही. मॅग्नेशियम कमी पडले का, तुडतुडे आहेत का, हे पाहून इलाज करतो. परंतु घरातील माणूस रात्र-रात्र झोपेनासा झाला किंवा एकटाच बडबडू लागला की त्याच घरात 'बाहेरचे झाले', 'करणी केली', 'भानामती आहे' असे म्हटले जाते. आजाराला आपण कोणते नाव देतो, यावर रोगी कोठे जाणार हे ठरते. बाधा म्हटली की देवऋषी, उतारा, गंडा-दोरा. आजार म्हटला की डॉक्टर. पहिल्या वाटेवर अनेकदा मोलाची वर्षे वाया जातात.

असे का घडते?

देवऋषी ओळखीचा असतो, तो घरच्यांचे ऐकून घेतो. शिवाय बाधा म्हटले की रोग्याला दोष लागत नाही. उलट 'वेडा' हा शिक्का बसला तर घरातील मुलींच्या सोयरिकी अडतात, ही भीती असते. राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे मनाचा डॉक्टर म्हणजे 'येरवड्याला पाठवणे' असा समज रुजला.

बाईच्या अंगात येते, तेव्हा प्रत्येक वेळी तो आजारच असतो असे नाही. एरवी जिचे कोणी ऐकत नाही, तिचे दुःखही त्या वाटेने बाहेर पडते. तिची टिंगल करू नये, तिला मारझोडही करू नये. तिला काय सोसावे लागते ते विचारावे. पुरुषाने रडायचे नाही, अशी आपली रीत. म्हणून नापिकी व कर्जाने खचलेल्या पुरुषाचे दुःख दारू, चिडचिड किंवा अंगदुखीच्या रूपाने दिसते.

ही लक्षणे ओळखा

१) दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप व भूक कमी होणे, कामात मन न लागणे.
२) नसलेले आवाज ऐकू येणे, विनाकारण संशय घेणे.
३) 'मी नसलेलो बरा' असे बोलणे, निरवानिरव करणे. अशा वेळी उशीर करू नये.

उपचार

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात तपासणी व औषधे मिळतात. बहुतेक रोग्यांना दाखल करावे लागत नाही. उदासीच्या आजारावरील औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत फरक नाही, असे म्हणून ते सोडू नये. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम राबवला गेला. तेथील मुजावर रोग्याला दुआ देत आणि डॉक्टरकडेही पाठवत. आपणही नवस फेडावा, पण गोळी चुकवू नये.

घरच्यांनी काय करावे?

१) 'जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का?' असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मन मोकळे होते.
२) फवारणीची औषधे कडीकुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. त्या माणसाला एकटे सोडू नये.
३) गावातील आशा कार्यकर्तीला सांगावे. शासनाने २०१५ साली मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पात हे काम आशांकडेच सोपवले होते.
४) १४४१६ या मोफत 'टेलि-मानस' क्रमांकावर बोलावे.

कायदा काय सांगतो?

तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता, असे हाच कायदा गृहीत धरतो. म्हणून पोलिसांच्या भीतीने उपचार लपवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पिकावरील रोग आपण शेजाऱ्याला दाखवतो, सल्ला विचारतो. मनाच्या आजाराबाबतही तसेच मोकळेपणाने बोलावे. पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माणूस गेला तर परत येत नाही.