मांजर बोचकारले तर...

"डॉक्टर, कुत्रं नव्हतं हो चावलं, घरचं मांजरच होतं. त्याला कशाला हवीत इंजेक्शनं?" हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकायला मिळतो. कुत्रा चावला की माणूस घाबरून धावत येतो. मांजर चावले किंवा बोचकारले की मात्र हळद लावून कामाला लागतो. म्हणून आजचा लेख मांजराविषयी.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातल्या एक मावशी, वय पंचावन्नच्या आसपास, मधुमेहाच्या जुन्या रुग्ण. त्यांच्या घरची भाटी माळ्यावर व्याली होती. माळा गळू लागला म्हणून मावशी पिल्ले खाली आणायला शिडीवर चढल्या. पिल्लाला हात लावताच भाटीने तर्जनीच्या सांध्यावर कडकडून चावा घेतला. जखम म्हणाल तर सुईने टोचल्यासारखी दोन छिद्रे. मावशींनी वर हळद आणि चुना लावला आणि चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या तेव्हा हात मनगटापर्यंत सुजला होता, अंगात ताप होता आणि बोट वाकत नव्हते. मी त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे शस्त्रक्रिया करून पू काढावा लागला. हात वाचला, पण ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. भाकरी थापताना त्रास होतो असे त्या सांगतात. पहिल्याच दिवशी आल्या असत्या तर बहुधा एवढे झाले नसते.

छोटी जखम, मोठा धोका

कुत्र्याचा दात जाड असतो, त्याची जखम फाटते आणि डोळ्यांना दिसते. मांजराचा दात बारीक आणि अणकुचीदार. तो सुईसारखा खोल जातो, जंतू आत सोडतो आणि वरचे तोंड लगेच मिटते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू सर्रास असतात. त्यांच्यामुळे चोवीस तासांच्या आतच जखम लाल होऊन ठणकू लागते. हाताला कातडीखाली लगेचच सांधे आणि स्नायूंच्या दोऱ्या असल्यामुळे हाताचा चावा अधिक वाईट. मधुमेही, वृद्ध, स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले यांनी तर एक दिवसही थांबू नये.

दुसरा आजार ओरखड्यातून होतो. मांजराच्या अंगावरच्या पिसवांमुळे बार्टोनेला नावाचे जंतू त्याच्या नखांत येतात. बोचकारल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेला अवधाण येते, बारीक ताप राहतो. मुलांमध्ये हे जास्त दिसते. बहुतेकदा ते आपोआप बरे होते, पण गाठ आली की डॉक्टरांना "मांजर बोचकारले होते" हे आवर्जून सांगावे. नाहीतर भलत्याच तपासण्या होत राहतात.

तिसरा आणि सर्वांत भयंकर आजार म्हणजे रेबीज. तो फक्त कुत्र्यामुळे होतो हा गैरसमज आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजरही पिसाळते. मी नवीन डॉक्टर असताना, 1996 साली, एका आरोग्य केंद्रात एक तरुण शेतमजूर आला. पाण्याचा पेला समोर धरला तरी त्याचा घसा आवळत होता, वाऱ्याची झुळूकही सहन होत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात शिरलेले अनोळखी मांजर त्याला चावले होते. "मांजरच तर होतं," असे त्याचा भाऊ मला म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो गेला. लक्षणे दिसू लागल्यावर या आजारातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. उपचार हवा तो त्याआधी.

मांजर केव्हा अंगावर येते?

मांजर उगीच हल्ला करत नाही. कान मागे चपटे होणे, शेपूट जोरजोरात आपटणे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणे, अंगावरचे केस फुलवणे, फिस्कारणे, गुरगुरणे या त्याच्या सूचना असतात. त्या दिसताच हात मागे घ्यावा आणि त्याला निघून जायला वाट द्यावी. कोपऱ्यात कोंडलेले मांजर अंगावर येणारच.

व्यालेली भाटी, आजारी किंवा दुखापत झालेले मांजर, आणि नुकताच दुसऱ्या बोक्याशी भांडून आलेला बोका, या तिघांपासून लांब राहावे. भांडण बाहेरच्या बोक्याशी असले तरी त्याचा राग घरच्या माणसावर निघतो. असे मांजर एका खोलीत शांत होईपर्यंत एकटे सोडावे. दोन मांजरे भांडत असतील तर मध्ये हात घालू नये. ताट वाजवावे, पाणी शिंपडावे किंवा मध्ये एखादी फळी सरकवावी.

नेहमी शांत असणारे मांजर अचानक चिडखोर झाले तर बहुधा त्याचे काहीतरी दुखत असते. त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मात्र लाळ गळणे, आवाज बदलणे, मागचे पाय लुळे पडणे, अंधारात लपणे आणि मध्येच विनाकारण धावून येणे ही लक्षणे असतील तर त्याला मुळीच हात लावू नका. दार लावून घ्या आणि पशुवैद्यांना कळवा.

धरावे कसे?

मांजराला दवाखान्यात न्यायचे असेल तर मानगूट किंवा शेपूट धरून उचलू नये. जाड टॉवेल किंवा जुनी गोधडी मागच्या बाजूने अलगद अंगावर टाकावी, चारही पाय आत येतील असे गुंडाळावे आणि झाकणाच्या टोपलीत ठेवावे. टोपलीवर कापड टाकून अंधार केला की ते शांत होते. फार धडपड करत असेल तर सोडून द्यावे आणि तासाभराने पुन्हा प्रयत्न करावा. व्यालेल्या भाटीची पिल्ले हलवायचीच असतील तर आधी तिला दूर खाऊ घालून दार लावून घ्यावे.

मुलांना हाताची बोटे नाचवून पिल्लाशी खेळू देऊ नये. दोरी किंवा चेंडू द्यावा. हात म्हणजे खेळणे असे पिल्लाला एकदा वाटले की मोठेपणीही ते हातच पकडते. जेवणाऱ्या किंवा झोपलेल्या मांजराला मुलांनी छेडू नये हेही शिकवावे.

बोचकारले तर काय करावे?

पहिले काम धुण्याचे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. एवढ्या धुण्याने जखमेतले पुष्कळसे विषाणू निघून जातात. नंतर आयोडीनचे औषध लावा. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका.

मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे या. नुसता ओरखडा असला आणि रक्त आले नसले तरी रेबीजची लस लागते. रक्त आले असेल किंवा दात आत गेला असेल, तर लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही द्यावे लागते. लस काम करू लागेपर्यंतचे दिवस ते इंजेक्शन सांभाळते. शिवाय धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविक औषधे. अशा जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील या भीतीने अजूनही काही जण येत नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात 2004 अखेर बंद झाली. आताची लस दंडात देतात. स्नायूत दिली तर पहिला दिवस, मग 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. गरोदर स्त्री आणि तान्ह्या मुलालाही ती देता येते.

मांजर घरचे असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, पण लस सुरू करण्यासाठी दहा दिवस थांबू नका. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढच्या इंजेक्शनांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. मांजर मेले किंवा नाहीसे झाले तर सर्व इंजेक्शने पूर्ण करा. चावले म्हणून त्याला मारू नका. मारलेल्या मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवता येत नाही.

मांजर पाळू नका असे मी म्हणत नाही. उंदीर कमी होतात आणि घराला सोबत होते. फक्त मांजर तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे दरवर्षी द्या. पिसवांचा बंदोबस्त करा.

मावशींची भाटी अजून घरातच आहे. तिला लस टोचली आहे आणि तिला धरायचे असले की मावशी आधी टॉवेल हुडकतात. मांजराने डोळे मिटून दूध प्यावे हे ठीक. आपण मात्र मांजराच्या जखमेकडे डोळे मिटून बसू नये.