१,४२,८५७ : एका संख्येचे गुणधर्म व त्यांचे कारण

गुणाकाराचा सराव आवश्यक खरा, परंतु मुलांस तो बहुधा रूक्ष वाटतो. उत्तर बरोबर आले की काम संपले, अशी त्यांची समजूत असते. उत्तरात निरखून पाहण्याजोगे काही असू शकेल, हे त्यांच्या मनात येत नाही. ती दृष्टी देण्यास १,४२,८५७ ही संख्या वरच्या इयत्तांत फार उपयोगी पडते.

प्रथम वर्गाचे पाच गट करून ही संख्या अनुक्रमे २, ३, ४, ५ व ६ यांनी गुणण्यास सांगावे आणि उत्तरे फळ्यावर एकाखाली एक मांडावीत :

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभ बदलतो. अंक वर्तुळावर लिहिल्यास हे चटकन ध्यानी येते. त्यानंतर ७ ने गुणण्यापूर्वी मुलांस अंदाज करू द्यावा. उत्तर ९९९९९९ येते.

पाठ येथेच संपविण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. कारणावाचून दाखविलेला चमत्कार हा जादूचा खेळ ठरतो. गणित कारणाच्या शोधापासून सुरू होते.

हे कारण भागाकारात आहे. १०,००,००० यांस ७ ने भागताना पायरीपायरीने १०, ३०, २०, ६०, ४० व ५० यांस ७ ने भागावे लागते. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे अंक येतात व बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५, १ उरते. ७ ने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. त्या सर्व येथे एकेकदा येतात आणि १ आला की चक्र पुन्हा सुरू होते. ३०,००,००० यांस भागल्यास त्याच चक्रात एक पायरी पुढून प्रवेश होतो. म्हणून तिप्पट ४२८५७१. शेवटची बाकी १ असल्यामुळे सातपट दहा लक्षांहून एकाने उणी येते.

हा गुण सर्व भाजकांत नाही. १३ घेतल्यास बारा बाक्यांची सहासहांची दोन निरनिराळी चक्रे होतात. १७ घेतल्यास मात्र सोळा अंकांचे एकच चक्र मिळते : ०५८८२३५२९४११७६४७.

या संख्येचा आणखी एक विशेष असा की, तिचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांस ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळाशिक्षक होते. मुलांस ४५ हे सोपे उदाहरण द्यावे : वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

स्वाध्याय : १ पासून १२ पर्यंतच्या अंशांस १३ ने भागून दोन्ही चक्रे शोधावीत व कोणता अंश कोणत्या चक्रात पडतो याची नोंद करावी.