मोटारींतील ऊब कां येते-जाते ?

अष्टागरांतील चौलासारख्या उष्ण व दमट गांवीं मोटारींत हीटर कशाला हवा, असा प्रश्न आमच्या बालवाचकांस पडणें साहजिक आहे. परंतु पावसाळ्यांत भिजलेलीं माणसें मोटारींत बसलीं, कीं पुढील कांचेवर आंतून बाष्प धरतें व चालकास रस्ता दिसेनासा होतो. खोपोलीहून बोरघाट चढतांना असें झाल्यास जिवावर बेतावयाचें ! अशा वेळीं वातानुकूलन यंत्र हवेंतील ओल काढून घेतें व हीटर तीच हवा ऊन करून कांचेवर सोडतो. ऊन हवेंत बाष्प अधिक मावतें, म्हणून कांच लवकर स्वच्छ होते. हा हीटर कधीं चालतो, कधीं चालत नाहीं, तेव्हां कारण कसें शोधावें, याचा आपण विचार करूं.

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या मोटारींत हीटरसाठीं बहुधा निराळी शेगडी नसते. इंजिनाची उष्णता वाहून नेण्यासाठीं त्यांतून पाणी व शीतक-द्रव यांचें मिश्रण सतत फिरत असतें. त्यांतील कांहीं ऊन पाणी दोन नळ्यांवाटें एका लहान जाळीदार पेटींतून जातें, आणि पंखा त्या पेटीवरून वारा आंत सोडतो.

चौलच्या वाड्यांत पूर्वीं रहाटानें पाणी उपसून पाटानें नारळी-पोफळींच्या आळ्यांत सोडीत. शेवटचें आळें कोरडें राहिलें, तर जाणता माळी झाडास दोष देत नसे. तो पाटाच्या कडेनें विहिरीपर्यंत मागें चालत जाई. आपणही तसेंच करावें.

प्रथम पाहावें कीं, वाराच बंद पडतो, कीं वारा येतो पण ऊब येत नाहीं. खाचखळग्यांत पंखा थांबून पुन्हां सुरू होत असेल, तर विजेच्या तारेचा जोड सैल असावा. समुद्राच्या खाऱ्या हवेनें असे जोड लवकर गंजतात. पंखा सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल, तर पुष्कळ मोटारींत वेग कमी करणारा रोधक जळालेला आढळतो.

वारा येऊन ऊब जात असेल, तर ती केव्हां जाते हें टिपून ठेवावें. मोटार धांवतांना ऊब व उभी राहतांच गार वारा, असें असेल तर पाणी कमी झालें आहे, नळींत हवा अडकली आहे, किंवा पाण्याचा पंप दुबळा झाला आहे. वेगानें जातांना ऊब जाऊन उष्णतामापकाचा कांटाही खालीं येत असेल, तर थर्मोस्टॅट नांवाची झडप उघडीच अडकली असावी. कांटा ठीक असून एक नळी ऊन व दुसरी गार लागली, तर पेटी तुंबली आहे अथवा तिचा पाण्याचा मार्ग बंद आहे. दोन्ही नळ्या ऊन असूनही वारा गार आला, तर वारा वळविणारी आंतील फळी अडकली असावी.

एक खूण मात्र कधींही विसरूं नये. कांटा वर चढत आहे आणि हीटर गार वारा सोडीत आहे, असें दिसल्यास इंजिनांतील पाणी सरलें असें समजून मोटार तत्काळ थांबवावी. नाहींतर इंजिन कायमचें निकामी होईल. तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यानें तें उसळून अंग भाजतें. इंजिन पूर्ण निवल्यावर वडील माणसांनींच तें उघडून पातळी पाहावी. पाणी वारंवार कमी होत असेल, तर केवळ भर घालून समाधान मानूं नये. गळती शोधविण्यास कारागिराकडे जावें. समुद्रकांठच्या मचूळ विहिरीचें पाणीही घालूं नये. त्यानें गंज व क्षार धरून तीच बारीक पेटी तुंबते.

येणारा-जाणारा दोष लबाड वाटतो, पण तो विनाकारण येत नाहीं. "बिघडलें" एवढेंच न म्हणतां "केव्हां बिघडतें ?" असें विचारण्याची संवय ज्या मुलास लागली, त्यानें पदार्थविज्ञानाचा अर्धा धडा गिरविला, असें आम्हांस वाटतें.