खऱ्या चित्रातून सांगितलेले खोटे



प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि त्यांच्या बोटांना ओल लागली. विचारणा केल्यावर विक्रेता म्हणाला की धान्य पावसात भिजले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नव्हे, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण व्यापारातील सचोटीचा धडा म्हणून ऐकतो; पण तिच्यातील एक बारकावा सहसा निसटतो. त्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाला तोंडाने काहीच खोटे सांगितले नव्हते. वरचे धान्य खरोखर कोरडे होते.

आजची जाहिरात आणि आजचा राजकीय प्रचार बहुतांशी याच रीतीने चालतो. धादांत खोटे लवकर पकडले जाते. म्हणून खऱ्याचा एखादा तुकडा राशीवर पसरला जातो आणि बाकीचे खाली राहते.

परतवाड्याच्या बाजारपेठेत सणासुदीला लागणारे फलक जरा थांबून वाचा. '५० टक्क्यांपर्यंत सूट' यातील 'पन्नास' हाताएवढा असतो आणि 'पर्यंत' मुंगीएवढा. गाडीच्या जाहिरातीत मासिक हप्ता ठळक छापतात. व्याजासह एकूण किती रक्कम द्यावी लागेल, हे शोधावे लागते. यात कायद्याने पकडता येईल असे खोटे कदाचित नसेलही, पण ओल आहे.

आपल्या श्रद्धेचे शब्दही राशीवर पसरले जातात, हे अधिक दुःखाचे. 'हलाल गुंतवणूक' म्हणून ठेवी गोळा करणारी बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी ही कंपनी जून २०१९ मध्ये कोसळली आणि हजारो ठेवीदारांनी पोलिसांकडे धाव घेतली. त्यांत मुस्लिम कुटुंबांचा भरणा होता. व्याज नको म्हणणाऱ्या माणसाला 'हलाल' हा एक शब्द पुरला. पैसा कोणत्या व्यवसायात जातो आणि एवढा नफा येतो कोठून, हे विचारणे त्याला अश्रद्धेसारखे वाटले असावे. अशा योजनेत नातेवाईक नातेवाइकाला आणतो, आणि नात्यातल्या माणसाकडे कोणी हिशेब मागत नाही.

पैशाचे नुकसान कधी तरी भरून निघते. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याचे नुकसान मात्र भरून निघणारे नाही. १ जुलै २०१८ रोजी, बाजाराच्या दिवशी, साक्री तालुक्यातील या गावात मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरली होती. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीची होती. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढे तिच्यात दिसे. मूळ चित्रफीत बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी तयार केली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. उरले ते प्रत्येक दृश्य जसेच्या तसे होते. अर्थ तेवढा उलटला.

आपल्या वस्तीत असे घडत नाही, असे कोणी म्हणू नये. त्याच रात्री मालेगावात जमावाने एका निरपराध कुटुंबाला याच संशयावरून घेरले. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. काही स्थानिक लोकांनी त्यांना घरात आसरा दिला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले, म्हणून ते वाचले. जमाव जमवणारेही मालेगावचे होते आणि आसरा देणारेही.

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा आदेश आहे. या आयतीची पार्श्वभूमी भाष्यकार सांगतात ती अशी: बनू मुस्तलिक टोळीकडे जकात गोळा करण्यासाठी एकाला पाठवले गेले. त्याच्या स्वागतासाठी लोक घोळक्याने बाहेर पडले. तो भ्यायला, अर्ध्या वाटेवरून परतला आणि टोळी जकात नाकारते, आपल्या जिवावर उठली आहे, असे त्याने सांगितले. त्याने घोळका पाहिला होता, हे खरेच. स्वागताला मात्र त्याने हल्ला मानले. काही रिवायतींनुसार हजरत खालिद (रजि.) यांना चौकशीसाठी पाठवण्यात आले आणि त्यांच्या माणसांना त्या वस्तीतून अजान ऐकू आली.

म्हणून 'हा फोटो खरा आहे का?' एवढे विचारून भागत नाही. तो कोठला, केव्हाचा, त्याच्या आधी आणि नंतर काय घडले, हे विचारावे लागते. एकच संदेश पाच गटांतून आला की पाच साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. उगम मात्र एकच असतो. 'आत्ताच सर्वांना पाठवा' असे लिहिलेले असेल, तर तुम्ही विचार करण्याआधी तुमचे बोट चालावे, अशी कोणाची तरी इच्छा आहे. निवडणुकीच्या दिवसांत भाषणाचे एखादे वाक्य कापून फिरवले जाते. ते आपल्या आवडत्या बाजूचे असले की आपण मागचे-पुढचे ऐकतही नाही, आणि नावडत्या बाजूचे असले की लगेच पुढे ढकलतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. ऐकलेले सर्व सांगत सुटणे माणसाला खोटे ठरवायला पुरेसे आहे, ही हदीस आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आपल्या जिल्ह्याने याची किंमत पाहिली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातील घटनांवरून अमरावतीत हिंसाचार झाला आणि इंटरनेट बंद करावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये अचलपूरच्या दुल्हा गेटवरील झेंड्याच्या वादातून अचलपूर आणि परतवाडा या दोन्ही ठिकाणी संचारबंदी लागली. रोजची मजुरी करणाऱ्याच्या घरी अशा दिवशी चूल कशी पेटते, हे वेगळे सांगायला नको. त्या घराचा धर्म कोणता, याने त्यात फरक पडत नाही.

भीतीची वा दिलाशाची बातमी आली की ती पसरवण्याऐवजी तिचा छडा लावू शकणाऱ्या जबाबदार माणसांकडे न्यावी, अशी शिकवण सूरह अन-निसाच्या ८३व्या आयतीत आहे. अचलपुरात काही घडल्याचा संदेश परतवाड्यात तुमच्या मोबाइलवर आला, तर अचलपुरात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला एक फोन करा. तो उचलेपर्यंत संदेश तसाच राहू द्या, आणि शेजारी बसलेल्या मुलाला तुम्ही कशासाठी थांबला आहात, ते सांगा.