ट्रॅक्टरचा दाखला, पोराची कमाई आणि सातबाऱ्यावरचा बोजा



गळीत हंगाम उरकला की आमच्या शेतकी खात्याकडे उसाच्या नोंदीपेक्षा भलत्याच कामासाठी येणारे सभासद वाढतात. हिंगणीकडचे एक काकाजी असेच आले. म्हणाले, "साहेब, पोट्ट्यानं आय.टी.आय. केलं, ट्रॅक्टर मेकॅनिकचं. आता म्हणते, बाबा ट्रॅक्टर घेऊन द्या, नाहीतर शिकून काय फायदा? तुमची शिफारस पाहिजे."

अशी शिफारस आम्ही पूर्वी एकदा फारसा विचार न करता दिली होती. तिसऱ्या वर्षी तो ट्रॅक्टर कर्ज देणाऱ्यांनी दारातून ओढून नेला. त्या घरी आजही आम्हाला चहा मिळतो, पण तो घशाखाली उतरत नाही. म्हणून काकाजींना लगेच हो न म्हणता आम्ही कागद-पेन्सिल घेतली. तोच हिशेब येथे देत आहोत.

प्रथम शिक्षणाविषयी. आय.टी.आय.मधला 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा व्यवसाय दहावीनंतर एक वर्षाचा. सरकारी संस्थेत त्याची फी झेपण्यासारखी असते. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळकडे जाताना लागणाऱ्या बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शेतकऱ्यांसाठी लहान मुदतीचे वर्गही चालतात. हाताने काम करीत शिकावे हा विचार १९३७ च्या परिषदेत आपल्या वर्ध्यातच मांडला गेला, तेव्हा या शिक्षणाला कोणी हलके समजू नये. सांगायचे ते एवढेच की दाखल्यापायी कर्ज होत नाही. कर्ज होते ते दाखल्यानंतर घेतलेल्या यंत्राचे.

आता हिशेब. आकडे आम्ही धरलेले आहेत, आपले वेगळे असतील तर ते घालून पाहावेत. ट्रॅक्टर, नांगर व रोटाव्हेटर मिळून ८ लाख. घरचे २ लाख, कर्ज ६ लाख, व्याज १२ टक्के, सहामाही दहा हप्ते. हप्ता येतो सुमारे ८१,५०० रुपये. वर्षाचे १,६३,०००, त्यात विमा वगैरे १२,००० मिळवले की १,७५,०००. पाच वर्षांत नुसते व्याजच २ लाख १५ हजार जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जी.एस.टी. १२ वरून ५ टक्क्यांवर आला, किंमत उतरली हे खरे. पण हप्ता किंमतीने फिटत नाही, तासांनी फिटतो.

तासाचे भाडे ९०० धरू. डिझेल साडेचार लिटर, म्हणजे ४१० रुपये. ऑइल, टायर, दुरुस्ती १००. चालवणारा घरचाच पोरगा असला तरी त्याची मजुरी धरलीच पाहिजे, ती ७०. उरतात ३२० रुपये. पावणेदोन लाखांना ३२० ने भागले की ५४७ तास होतात. पुस्तकी हिशेबात ट्रॅक्टर वर्षाला १,००० तास चालतो असे धरतात, त्यामुळे हा आकडा सोपा वाटतो.

पण आपली जमीन काळी. पाऊस पडला की वावरात ट्रॅक्टर घालता येत नाही, घातला तर रुततो आणि दुसरा बोलवावा लागतो. एप्रिल-मे मध्ये नांगरणीचे ३० दिवस, रोज ७ तास, म्हणजे २१०. जूनमध्ये रोटाव्हेटर व पेरणीचे १२ दिवस, ८ तासांनी ९६. सोयाबीनची मळणी आणि हरभरा-गव्हाची पेरणी मिळून २५ दिवस, ६ तासांनी १५०. एकूण ४५६. यात घरचे काम आले. ३२० रुपयांप्रमाणे हे होतात १,४५,९२०, म्हणजे २९,००० कमी पडले. पोराची वर्षाची मजुरी ३२,००० होते, ती या खड्ड्यात गेली. वर्षभर राबून पोराच्या हाती तीन हजार!

ऊस वाहतुकीने ही तूट भरेल असे बरेच जण म्हणतात. भरतेही. पण काट्यासमोर रांगेत उभा असलेला ट्रॅक्टर तासांत धरू नये, हे आम्ही कारखान्याचे नोकर असूनही सांगतो. वाहतुकीची उचल घेतली तर तेही कर्जच असते.

शिवाय उधारी. मे मध्ये नांगरून घेणारा शेजारी म्हणतो, "कापूस निघू दे, मग देतो भाऊ." हप्ता कापसासाठी थांबत नाही. आणि गावात भाऊबंदांकडे तगादा कोण लावणार?

सातबाऱ्याचे काय होते ते पाहा. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याच्या वर गेले की बहुधा जमीन अडकते. भूविकास बँकांची जुनी कर्जे कित्येकांच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे बसून राहिली. शेवटी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुमारे ९६४ कोटींची थकबाकी माफ करण्याचा निर्णय घेतला. तोवर त्या जमिनीवर नवे कर्ज मिळणे अवघड होते. माफीची वाट पाहून कोणी ट्रॅक्टर घेऊ नये.

मग पोराने करावे काय? काकाजींच्या मुलाला आम्ही बोलावून घेतले. पोरगा हुशार आहे, नुसता आवाज ऐकून पंपाचा दोष सांगतो. त्याला म्हटले, आधी एक वर्ष मोठ्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जा. आय.टी.आय. झालेल्याला २०१९ च्या नियमांनी किमान ७,००० विद्यावेतन ठरले. नागपुरात खोली घेतली तर त्यातून फार उरत नाही, पण क्लच आणि हायड्रॉलिक उघडण्याची भीती जाते. नंतर अवजारांची पेटी, ४०,००० धरा. २०१५ च्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज विनातारण मिळते, बापाच्या सातबाऱ्याला हात लागत नाही. महिन्याला १० दिवस दुरुस्ती, ७०० रुपये रोज, असे दहा महिने केले तर ७०,०००. हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर ६० दिवस ६०० ने चालवला तर ३६,०००. लाखाच्या वर जाते.

ट्रॅक्टर घ्यायचाच नाही असे आमचे म्हणणे नाही. दाखल्याचा खरा उपयोग जुना ट्रॅक्टर पारखण्यात आहे. जुन्यासाठी अडीच लाखांचे कर्ज, व्याज जादा म्हणून १४ टक्के, तेवढेच दहा हप्ते धरा. विम्यासह वर्षाचे ८३,००० होतात. दुरुस्ती १५० धरून तासाला २७० उरले, तर ३०८ तास लागतात. नांगरणी आणि जूनची पेरणी मिळून ३०६ होतातच, आणि मळणी वर राहते.

पोरगा थोडा हिरमुसला. "नव्याची गोष्टच वेगळी राहते, साहेब," म्हणाला. खरे आहे, आम्हालाही कळते. काकाजी मात्र बराच वेळ ते ३२ हजार आणि २९ हजार पुन्हा पुन्हा मांडत बसले होते.

ज्या सभासदांना ट्रॅक्टरसाठी आमची शिफारस हवी असेल त्यांनी गट कार्यालयात येताना सातबारा व आठ-अ, आणि मागील हंगामात शिवारात कोणी किती तास भाड्याने काम करून घेतले त्याची वही आणावी. सरकारी अनुदान हवे असल्यास महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नये.