डोक्याला मार लागल्यावर ‘झोपू द्या’ म्हणू नका

आपलं शहागड धुळे–सोलापूर महामार्गावर. वाहनं रात्रभर धावतात आणि आपली माणसं मोटारसायकलवर, बहुधा हेल्मेटशिवाय. म्हणून या वेळी मेंदू जागेवरून सरकण्याविषयी लिहीत आहोत. डॉक्टर याला ब्रेन हर्निएशन म्हणतात.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. सूज आली तर पोट फुगतं, मोठ्या माणसाची कवटी फुगत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढ्यापुरतीच जागा. मार लागून आत रक्त साचू लागलं की आधी ते पाणी सरकून जागा देतं. म्हणून पडलेला माणूस उठून बसतो, बोलतो, चहाही घेतो. घरच्यांना वाटतं, वाचला. काही तासांत जागा संपते आणि दाबामुळे मेंदूच खाली, कवटीच्या तळाच्या छिद्राकडे ढकलला जातो. डोळ्याची नस दबली की एक बाहुली मोठी होते, उजेडातही आकसत नाही. पुढे श्वास चालवणारा भाग दबतो. नाडी मंदावते, श्वास तुटक होतो आणि थांबतो.

सगळ्यात मोठा घात दारूचा वास करतो. ‘प्यायलाय, उतरेल सकाळी’ म्हणून माणसाला कोपऱ्यात झोपवतात. प्यायलेला असला तरी डोक्याला मार लागलाय ना? मग दवाखाना.

कारण अपघातच असतं असं नाही. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव, गाठ, क्षयरोगाचा मेंदूज्वर यांतूनही हे होतं. लेकरांचा वर्षानुवर्षं वाहणारा कानसुद्धा मेंदूत पू करू शकतो. त्यात तेल ओतत बसू नका.

वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, बरळणं, झटका, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. लिंबू उतरवण्यात, चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. मान हलू देऊ नका, पाणी पाजू नका. मार कधी लागला आणि शुद्ध कधी हरपू लागली, ती वेळ डॉक्टरांना सांगा. सीटी स्कॅन आणि मेंदूचं ऑपरेशन होतं अशाच ठिकाणी न्यायला सांगा. वेळेत कवटी उघडून रक्त काढलं तर माणूस वाचू शकतो.

रस्त्यावर अनोळखी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने मागे सरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.