जुनी सदनिका : दुरुस्तीपूर्वीचे नियोजन

शहरातील अनेक कुटुंबे आयुष्याची पुंजी खर्चून वापरलेली सदनिका विकत घेतात आणि ताबा मिळताच भिंती पाडावयास लागतात. ही घाई जिवावर बेतू शकते. घाटकोपर येथे २५ जुलै २०१७ रोजी चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावरील फेरबदलात खांबांना धक्का लावल्याचा ठपका ठेवण्यात आला.

म्हणून प्रथम संरचना अभियंत्याकडून खांब व तुळया कोठे आहेत, याच्या खुणा करून घ्याव्यात. विटांची भिंत निर्धोकपणे पाडता येते, हा समज चुकीचा होय. जुन्या भारवाहक बांधणीत वरच्या मजल्यांचा भार विटांच्याच भिंती पेलतात. गृहनिर्माण संस्थेची लेखी परवानगीही आधीच घ्यावी.

न्हाणीघर हा खर्चाचा आणि शेजाऱ्यांशी होणाऱ्या कलहाचा विषय. जुना कोबा उखडला की जलरोधक थरही जातो. नवा थर दिल्यावर मोरीचे तोंड बुजवून ४८ तास पाणी साठवावे, खालच्या बिऱ्हाडाचे छत तपासावे आणि मगच फरशी बसवावी. गंजलेले लोखंडी नळ याच वेळी बदलावेत.

वातानुकूलन यंत्र व गिझर यांसाठी स्वतंत्र वीजतारा गिलाव्यापूर्वीच टाकाव्यात. सुतारकाम व रंगकाम शेवटी. पुष्कळजण मात्र सुरुवात करतात ती स्वयंपाकघरातील कपाटांच्या रंगापासून!

कंत्राटदाराशी करार लेखी असावा. रक्कम कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावी आणि राडारोडा हलविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हेही करारात नमूद करावे.